ऑफसेट की डिजिटल: एकसारख्या प्रती किती लागणार?

छापायचं काम निघालं की "ऑफसेटवर करायचं की डिजिटलवर?" हा प्रश्न येतोच. त्याचं तयार उत्तरही कुणीतरी लगेच देतं: दर्जा हवा असेल तर ऑफसेट, घाई असेल तर डिजिटल. एके काळी एवढं उत्तर पुरायचं. आता मात्र चांगल्या डिजिटल मशीनवरचं पत्रक आणि ऑफसेटवरचं पत्रक शेजारी शेजारी ठेवलं, तर भिंग न लावता फरक ओळखणं छपाईतल्या माणसालाही बऱ्याचदा जमत नाही. काही कामांत दर्जाचा फरक खरोखर पडतो, त्याबद्दल पुढे सांगतोच. पण बहुतेक कामांचा निकाल त्यावर लागत नाही.

तो लागतो एका साध्या आकड्यावर: तंतोतंत एकसारख्या प्रती किती लागणार आहेत? एकूण प्रतींचा आकडा इथे फसवतो आणि एकूण पानांचा तर हमखास फसवतो. असं का, हे कळायला दोन्ही मशीनच्या पोटात काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

प्लेट, पाणी आणि रबर

ऑफसेटचं मूळ तत्त्व सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे. १७९६ मध्ये बव्हेरियात अलॉइस सेनेफेल्डर याने चुनखडीच्या गुळगुळीत दगडावरून छापायची रीत शोधली. दगडावर तेलकट पदार्थाने लिहायचं, मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी धरतं, तेलकट रेघांवर धरत नाही. आता शाईचा रूळ फिरवला की शाईही तेलकटच असल्यामुळे ती फक्त रेघांवर बसते आणि ओली जागा कोरी राहते. आजच्या प्लेटवर हेच घडतं. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आला आणि हाताने लिहिण्याऐवजी कॉम्प्युटरवरून लेझरने प्लेट बनू लागली, पण तेल-पाण्याचं भांडण तेच राहिलं.

ही प्लेट कागदाला टेकत नाही. तिच्यावरचं चित्र आधी रबरी ब्लँकेटवर उतरतं आणि ब्लँकेटवरून कागदावर. टिनच्या पत्र्यावर छापण्यासाठी ही युक्ती इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले याने १८७५ मध्ये वापरली होती. कागदासाठी ती आणली अमेरिकेतल्या आयरा रुबेल याने, १९०४ च्या सुमारास. त्याच्या मशीनमध्ये कागद घालायचा राहिला, चित्र रबरावर उमटलं आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर रबरावरून आलेली छपाई मूळ छपाईपेक्षा स्वच्छ दिसली, असं सांगतात. रबर दबतं, कागदाच्या बारीक खाचाखळग्यांत शिरतं, म्हणून छपाई स्वच्छ येते. खडबडीत कागदावर ऑफसेट आजही उजवं ठरतं ते याच रबरामुळे.

रंगीत कामाला सायन (आकाशी निळा), मजेंटा (गुलाबीसर लाल), यलो आणि ब्लॅक अशा चार प्लेटा लागतात. चारही मशीनवर चढवायच्या, चारही रंग एकमेकांवर नेमके बसवायचे, शाई आणि पाण्याचा तोल साधायचा, रंग प्रूफशी, म्हणजे आधी मंजूर केलेल्या नमुन्याशी, जुळेपर्यंत कागद सोडत राहायचे. या तयारीला प्रेसमध्ये मेकरेडी म्हणतात. त्यात वेळ जातो आणि शे-दोनशे कागद रद्दीत जातात. कधी कमी, कधी जास्त. ते मशीन, काम आणि माणूस यांवर असतं. ही तयारी शंभर प्रतींसाठी जेवढी, तेवढीच लाखासाठी.

पण एकदा रंग लागला की मग मशीन सुटतं. शीट घेणारं चांगलं ऑफसेट मशीन तासाला १५,००० कागद सहज काढतं. साधारण ७० × १०० सेंटिमीटरच्या मोठ्या कागदावर एका बाजूला ए४ आकाराची ८ पानं बसतात, म्हणजे तासाला १,२०,००० पानं झाली. मिनिटाला १०० पानं काढणारं डिजिटल मशीन तासाला ६,००० काढतं. वीस पटींचा फरक. ऑफसेटवर पुढच्या प्रती इतक्या स्वस्त का पडतात, त्याचं उत्तर याच गणितात आहे. त्या टप्प्यावर खर्च उरतो तो कागदाचा आणि थोड्याफार शाईचा.

प्लेटच नाही तेव्हा

डिजिटलचा जन्म ऑफिसातल्या कॉपीयंत्राच्या घराण्यातला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन याने कोरड्या भुकटीने पहिली प्रत काढली. तिच्यावर तीच तारीख आणि त्याच जागेचं नाव होतं. त्या शोधातून पुढे १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे मशीन आलं आणि कागदपत्रांच्या नकला काढणं ऑफिसातल्या ऑफिसात सोयीचं झालं.

तत्त्व असं: प्रकाश पडला की विद्युतभार सोडणारा एक ड्रम असतो. त्याच्यावर आधी सगळीकडे स्थिर वीज भरायची, मग लेझर किंवा एलईडीने पानाचं चित्र 'लिहायचं'. ज्या जागी चित्र आहे तिथे टोनरची भुकटी चिकटते, केसांवर घासलेल्या फुग्याला कागदाचे कपटे चिकटावेत तशी. ड्रमवरून ती कागदावर येते आणि फ्यूजर नावाच्या गरम भागाच्या उष्णतेने वितळून कागदावर घट्ट बसते. ड्रम पुसला की पुढच्या फेरीला तो कोरा. म्हणजे पुढचं पान आधीच्यासारखंच असायची मशीनला काहीच गरज नसते. दर वेळी चित्र नव्याने लिहायचंच आहे, मग ते 'प्रत क्रमांक २' असो की वेगळंच पत्रक.

१९९३ मध्ये इंडिगो आणि झायकॉन या दोन कंपन्यांनी रंगीत डिजिटल प्रेस बाजारात आणले आणि हा प्रकार ऑफिसातून व्यावसायिक छपाईत शिरला. गंमत म्हणजे इंडिगोच्या मशीनमध्ये भुकटीऐवजी पातळ द्रवातली शाई असते आणि ती ब्लँकेटवरूनच कागदावर जाते. म्हणजे काटेकोरपणे बघितलं तर तीही एका अर्थाने ऑफसेटच आहे. तेव्हा 'डिजिटल' म्हणजे एकच एक मशीन असं धरून चालू नका. कोरड्या टोनरची, द्रव शाईची, इंकजेटची, सगळ्यांची तऱ्हा वेगळी. मोठ्या रिळावर छापणारे इंकजेट प्रेस तर आता पुस्तकांच्या आणि बिलांच्या कामात रुळले आहेत. "आमच्याकडे डिजिटल आहे" असं कुणी म्हटलं की "कोणतं?" हा पुढचा प्रश्न विचारायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डिजिटलवाल्याचा खर्च बहुधा 'क्लिक'वर चालतो. मशीनमधून पान गेलं की मोजणी एकने वाढते आणि त्या हिशेबाने मशीन पुरवणाऱ्याला पैसे जातात. त्यात बहुतेक वेळा टोनर आणि देखभाल धरलेली असते. यात एक खोच आहे. रंगीत क्लिक आणि काळी क्लिक यांचे दर वेगळे असतात. पानभर काळा मजकूर आणि कोपऱ्यात नखाएवढा रंगीत लोगो असला तरी ते पान रंगीतच मोजलं जातं. दोनशे पानांच्या अहवालात प्रत्येक पानाच्या तळाला निळी रेघ टाकणाऱ्या डिझायनरला हे कुणीतरी सांगायला हवं. रेघ काळी किंवा राखाडी केली आणि रंगीत तक्ते मोजक्या पानांवर आणले, तर बिल बरंच खाली येतं.

हिशेब मांडून बघू

आकडे सोपे घेऊ. खरे दर जागोजागी आणि दिवसागणिक बदलतात, म्हणून चलन न धरता नुसते आकडेच घेतो. समजा, एका पत्रकासाठी ऑफसेटच्या प्लेटा आणि मेकरेडी मिळून ६,००० लागतात आणि त्यानंतर प्रत्येक प्रतीला २. डिजिटलला सुरुवातीचं काहीच नाही, पण प्रत्येक प्रतीला ८.

२०० प्रती हव्या असतील तर ऑफसेट ६,४०० आणि डिजिटल १,६००. विचार करायचंही कारण नाही. ५,००० प्रतींना ऑफसेट १६,००० आणि डिजिटल ४०,०००. इथेही नाही. दोन्ही सारखे कुठे होतात? सुरुवातीच्या खर्चाला दर प्रतीमागच्या फरकाने भागायचं: ६,००० भागिले ६, म्हणजे १,००० प्रती. हाच तो तोडीचा आकडा. त्याच्या अलीकडे डिजिटल, पलीकडे ऑफसेट.

'पाचशेच्या खाली डिजिटल' असे जे ठोकताळे ऐकायला मिळतात, ते कुणाच्या तरी एका कामाचा असाच आकडा असतात. तो सगळ्यांना लागू होत नाही. वर्षानुवर्षं डिजिटलचा दर उतरत गेला तसा हा आकडा वर सरकत गेला. उलट प्लेट आपोआप चढवणाऱ्या आणि रंग स्वतः मोजून जुळवणाऱ्या नव्या ऑफसेट मशीनची मेकरेडी आटोपशीर झाली, त्यांच्याकडे तो खाली सरकतो. एकाच रंगात छापायचं असेल तर प्लेटा कमी लागतात, पण डिजिटलची काळी क्लिकही स्वस्त असते, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी भाव मागवल्याशिवाय काही सांगता येत नाही.

आता 'एकसारख्या' या शब्दाकडे या. समजा, एकूण २,००० पत्रकं हवी आहेत. एकच मजकूर असेल तर ऑफसेट १०,००० आणि डिजिटल १६,०००, ऑफसेट जिंकलं. पण तीच २,००० पत्रकं चार भाषांत, प्रत्येकी ५०० अशी हवी असतील तर? ऑफसेटला चार वेळा तयारी: २४,००० अधिक ४,०००, एकूण २८,०००. डिजिटल आहे तिथेच, १६,०००. एकूण प्रती बदलल्याच नाहीत आणि निकाल मात्र फिरला.

अर्थात मुरलेला प्रेसवाला इथे एक युक्ती करतो. चारही भाषांत फोटो आणि रंगीत मांडणी तीच असेल आणि सगळा मजकूर फक्त काळ्या रंगात असेल, तर सायन, मजेंटा, यलोच्या प्लेटा तशाच ठेवून दर भाषेला फक्त काळी प्लेट बदलायची. सोळाऐवजी सात प्लेटांत काम होतं. पण हे आधी ठरलेलं असेल तरच जमतं. एखादं शीर्षक लाल ठेवलं किंवा काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं काढताना त्या पट्टीत बाकीचे रंगही मिसळले, की ही सोय गेली.

पुस्तकाच्या बाबतीत उलटा गैरसमज असतो. "१६० पानी पुस्तक आहे, एवढी पानं डिजिटलवर कशी परवडणार?" असं पुष्कळांना वाटतं. पण पानं वाढली की दोन्हीकडचे खर्च सोबतच वाढतात. मोठ्या कागदावर पुढून-मागून मिळून ए४ ची १६ पानं बसतात, म्हणजे १६० पानांना १० फॉर्म (असे दोन्ही बाजूंनी छापलेले मोठे कागद) आणि रंगीत असेल तर ८० प्लेटा. ३२० पानांना १६० प्लेटा. डिजिटलच्या क्लिकही तशाच दुप्पट होतात. भागाकारात वरचा आणि खालचा आकडा दोन्ही दुप्पट झाले की उत्तर तेच राहतं. बाइंडिंग बाजूला ठेवलं तर १६ पानी पुस्तिकेचा आणि १६० पानी पुस्तकाचा तोडीचा आकडा प्रतींच्या हिशेबात जवळपास सारखाच येतो. ५० प्रतींचं जाडजूड पुस्तक डिजिटलचंच काम आहे, मग एकूण पानं कितीही भरोत.

न खपलेल्या प्रतींचा भाव

भाव मागवताना सगळे दर प्रतीमागची किंमत बघतात आणि तिथेच गडबड होते. वरच्याच आकड्यांत, लागणार आहेत ६०० पत्रकं, पण "ऑफसेटवर १,५०० घेतली तर प्रत सहाला पडते" म्हणून १,५०० छापली: ९,०००. सहा महिन्यांत फोन क्रमांक बदलला आणि ९०० पत्रकं कपाटात राहिली. मग वापरलेली प्रत पंधराला पडली. डिजिटलवर नेमक्या ६०० काढल्या असत्या तर आठला पडली असती.

म्हणून ज्या छपाईत तारखा, दर, पत्ते, नावं आहेत, तिथे मी तोडीच्या आकड्याच्या थोडं वर गेल्यावरही डिजिटलकडेच झुकतो. साठवायची जागा, दमटपणाने वाकडा होणारा कागद आणि मजकूर शिळा होणं, यांतलं काहीच प्रेसच्या बिलात दिसत नाही. उलट जे बदलणारच नाही, म्हणजे वर्षभर लागणारी पाकिटं, खोक्यांची वेष्टनं, स्थिर मजकुराची पुस्तकं, ते बिनधास्त ऑफसेटवर द्यावं.

ऑफसेटवर मोजून तेवढ्याच प्रती मिळतील असंही धरू नका. मेकरेडी, कटिंग आणि बाइंडिंगमध्ये किती कागद जातील ते आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून काही टक्के कमी-जास्त होणं या धंद्यात गृहीतच असतं. ३०० क्रमांकित प्रमाणपत्रं हवीत आणि २९१ मिळाली, तर अडचण होते. तसं असेल तर 'इतक्या तरी हव्याच' हे आधी लिहून घ्यावं.

भिंगाखाली

आता दर्जा. छपाईतली माणसं वापरतात ते दहा पट दाखवणारं छोटं भिंग घ्या आणि एखादं काळं अक्षर बघा. ऑफसेटवर अक्षराची कड नितळ कापल्यासारखी असते, शाई कागदात किंचित मुरलेली. कोरड्या टोनरवर अक्षराभोवती दोन-चार भुकटीचे कण विखुरलेले दिसतात, आणि पान तिरपं धरून उजेडात बघितलं तर अक्षराला हलकी चकाकी व उठाव असतो. ऑफसेटच्या शाईचा थर साधारण एक मायक्रॉनचा, टोनरचा त्याच्या कित्येक पट जाड. मॅट कागदावर ही चकाकी काहींना खटकते, ग्लॉसी कागदावर लक्षातही येत नाही.

देवनागरीत छापणाऱ्यांनी एक गोष्ट दोन्हीकडे सांभाळावी. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्याचाच असावा, चार रंग मिसळून केलेला नसावा. चार रंगांचं अक्षर असेल आणि रंग केसभर जरी सरकले तरी शिरोरेषेला गुलाबी-निळी किनार येते, आणि बारीक टायपातले अनुस्वार, रफार गढूळ होतात. वर्डमधून थेट पीडीएफ केलेल्या फाइलींत हे फार होतं.

मोठे एकरंगी भाग, ज्यांना आम्ही सॉलिड म्हणतो, ते दोन्हीकडे परीक्षा घेतात. टोनर मशीनवर सपाट निळ्या-राखाडी भागात फिकट-गडद पट्टे दिसू शकतात. ऑफसेटवर वेगळीच अडचण असते. तिथे शाई कागदाच्या रुंदीवर पट्ट्यापट्ट्यांनी सोडली जाते आणि प्रत्येक पट्ट्याची शाई वेगळी कमी-जास्त करता येते. पण एका पट्ट्यात वरपासून खालपर्यंत जे काही आहे त्या सगळ्याला ती लागू होते. वरच्या बाजूला गडद लाल सॉलिड आणि त्याच्याच रांगेत खाली चेहऱ्याचा फोटो असेल, तर सॉलिड भरायला मजेंटा वाढवला की खालचा चेहरा तांबूस होतो. दोघांना खूश ठेवता येत नाही. स्वस्तात ऑफसेट देणारे बरेच जण निरनिराळ्या ग्राहकांची कामं एकाच मोठ्या कागदावर एकत्र लावतात. त्यात प्लेटांचा खर्च वाटला जातो, ते चांगलंच. पण शेजारचं काम कुणाचं आणि कोणत्या रंगाचं आहे, यावर तुमच्या कामाचा रंग ठरतो. मागच्या वेळी निळं आलेलं कार्ड या वेळी जांभळट का आलं, याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

कंपनीचा ठरलेला रंग तंतोतंत हवा असेल तर ऑफसेटची बाजू अजूनही भक्कम आहे. पँटोन या कंपनीची रंग जुळवायची पद्धत १९६३ मध्ये आली. त्यात रंग आधीच मिसळून डब्यात तयार असतो आणि तो पाचवी किंवा एकमेव शाई म्हणून थेट छापतात. डिजिटलवर तोच रंग चार रंगांच्या ठिपक्यांतून जुळवावा लागतो. बरेच रंग जुळतात. तळपता केशरी, काही हिरवे आणि गडद निळे जुळत नाहीत, कारण ते चार रंगांच्या आवाक्यातच नसतात. काही डिजिटल मशीनना जादा रंगाचं स्टेशन असतं, त्यात केशरी, सोनेरी किंवा पांढराही मिळतो. गडद कागदावर पांढरं छापायचं असेल तर असं मशीन शोधणंच सोपं. ऑफसेटच्या डब्यातल्या रंगांचेही नखरे असतात, बरं का. रिफ्लेक्स ब्लू हा निळा वाळायला इतका वेळ घेतो की दुसऱ्या दिवशी हाताळला तरी बोटाचे ठसे उमटतात.

प्रूफच्या बाबतीत डिजिटल सरळ पुढे आहे. त्याच मशीनवर, त्याच कागदावर एक प्रत काढायची आणि तीच प्रूफ. ऑफसेटचं प्रूफ सहसा वेगळ्याच प्रिंटरवर, वेगळ्या कागदावर काढलेलं असतं. चांगल्या प्रेसमध्ये ते मशीनशी जुळवलेलं असतं, पण तरी ते अंदाज देणारंच. खऱ्या मशीनवर प्रूफ हवं तर प्लेटा आणि मेकरेडीचा खर्च आधीच करावा लागतो.

घडी आणि पुढची कामं

छापून झाल्यावर काम संपत नाही, आणि खूपशी निराशा इथेच पदरी पडते. टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. घडीवर गडद रंग असेल तर तो तडकतो आणि पांढरी रेघ उघडी पडते. जाड कागदाला घडीआधी क्रीझिंग करून, म्हणजे दाबून खाच पाडून घ्यायची, आणि घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेने येईल अशी मांडणी करायची. ऑफसेटचा गडद रंगही उलट्या ग्रेनवर तडकतो, पण कमी. मुखपृष्ठाचा निळा किंवा काळा रंग पुठ्ठ्याच्या कण्यावरून जात असेल तर लॅमिनेशन करून घेणं शहाणपणाचं.

पोत असलेल्या कागदावर टोनर खळग्यांत नीट उतरत नाही आणि सॉलिडमध्ये पांढरे ठिपके राहतात. तिथे ऑफसेटचं रबर कामी येतं. बायबल किंवा शब्दकोशासाठी वापरतात तसला अगदी पातळ कागदही ऑफसेटलाच द्यावा; फ्यूजरच्या उष्णतेत तो सुरकुततो. कागदाच्या आकाराची मर्यादाही बघावी. टोनरची बरीच मशीनं एसआरए३च्या, म्हणजे ३२ × ४५ सेंटिमीटरच्या, आसपासचा कागद घेतात. लांब घडीपत्रक किंवा मोठं पोस्टर असेल तर लांब कागद घेणारं मशीन आहे का, ते आधी विचारून घ्यावं.

लेटरहेडचं तर खास सांगायला हवं. टोनरवर छापलेलं लेटरहेड ऑफिसातल्या लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घातलं, की तिथल्या फ्यूजरची उष्णता दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसच्या घरात असल्याने आधीचा टोनर परत मऊ होऊ शकतो. मग लोगो पुसट होतो आणि त्याचा डाग रुळावर बसून पुढच्या पानांवर उमटत राहतो. लेझर प्रिंटरमध्ये जाणारे कागद ऑफसेटवर, उष्णता सोसणाऱ्या शाईत छापून घ्यावेत. प्रेसवाल्याला "हे पुढे लेझर प्रिंटरमध्ये जाणार आहे" एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरतं, पण ते सांगायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

वेळेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डिजिटलचं काम मशीनमधून बाहेर पडतं तेच कोरडं आणि कटिंगला तयार. साध्या शाईचं ऑफसेट काम वाळायला कित्येक तास ते एखादा दिवस द्यावा लागतो. घाई करून कापलं तर खालच्या कागदाची शाई वरच्याच्या पाठीला लागते. यूव्ही दिव्यांनी शाई लगेच वाळवणारी ऑफसेट मशीनं असतात, त्यांना ही अडचण नाही.

प्रत्येक प्रत वेगळी असेल तेव्हा

नाव घातलेली प्रमाणपत्रं, प्रत्येकावर वेगळा क्यूआर कोड असलेली कूपनं, ग्राहकागणिक वेगळी पत्रं: इथे प्लेटचा प्रश्नच येत नाही. नुसते क्रमांक हवे असतील तर ऑफसेटच्या कामावर नंबरिंग मशीनने ते टाकता येतात. त्यापलीकडचं सगळं डिजिटलचं.

मोठ्या संख्येत हे हवं असेल तर दोन्ही एकत्र वापरतात. रंगीत चौकट, लोगो, पार्श्वभूमी असा न बदलणारा भाग ऑफसेटवर हजारोंनी छापून ठेवायचा आणि लागतील तशी नावं डिजिटलवर काळ्या रंगात टाकायची. रंगीत भाग स्वस्त पडतो आणि नाव टाकायला काळी क्लिक पुरते. एवढंच बघायचं, की ऑफसेटची शाई पूर्ण वाळलेली हवी आणि फ्यूजरची उष्णता सोसणारी हवी, नाहीतर लेटरहेडचीच कथा पुन्हा.

भाव मागताना

"हजार पत्रकांचे किती?" असं विचारलं तर उत्तरही तितकंच मोघम मिळतं. आकार, कागद आणि त्याचा जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), दोन्ही बाजूंचे रंग, घडी, लॅमिनेशन हे तर सांगायचंच. त्याशिवाय मजकुराचे प्रकार किती आणि प्रत्येकाच्या प्रती किती, हे वेगळं सांगायचं. आणि भाव एका आकड्याचा न मागता तीन आकड्यांचा मागायचा: २५०, १,००० आणि ३,००० असा. ऑफसेटवाल्याकडून 'पुढच्या प्रत्येक हजाराला किती' हेही विचारायचं. त्यावरून त्याची सुरुवातीची किंमत किती आणि प्रतीमागची किती, हे तुम्हालाच वजाबाकीने काढता येतं, आणि तुमच्या कामाचा तोडीचा आकडा हातात येतो. एकच प्रेस दोन्ही मशीन बाळगून असेल तर बहुतेक वेळा तो स्वतःच तुमचं काम योग्य मशीनवर टाकतो. ज्याच्याकडे एकच मशीन आहे त्याचा सल्ला त्या मशीनच्या बाजूने झुकलेला असणार. त्याचा राग धरू नये, दुसरीकडूनही भाव मागवावा.

किती प्रती खपतील याचाच अंदाज नसेल, तर पहिल्या २००-३०० डिजिटलवर काढाव्यात. चुका सापडतात, मागणी कळते, मग मोठी आवृत्ती ऑफसेटवर टाकता येते. तेव्हा डिजिटलची एक प्रत प्रेसवाल्याला रंगाचा नमुना म्हणून द्या, पण दोन्ही लॉट शेजारी ठेवल्यावर फरक दिसणारच नाही अशी अपेक्षा करू नका. कागदाची गोडाउनमधली खेप जरी बदलली तरी पांढरेपणा बदलतो, इथे तर शाईची जातच वेगळी. एकाच संचाचा भाग असलेल्या गोष्टी, म्हणजे कार्ड, पाकीट आणि लेटरहेड, शक्यतो एकाच मशीनवर आणि एकाच वेळी छापून घ्याव्यात. संचात लेटरहेड असेल तर लेझर प्रिंटरमुळे तो संच बहुधा ऑफसेटवरच जाईल.